आऽब्लो की आब्लो´? स्पॅनिश क्रियापदं, त्यांची फोड आणि आघात

चिंचगूळ, मंगळवार रात्री ९:४०

वालेन्सियाला येऊन सहा महिने झाले. मागच्या महिन्यात घरमालकीणबाईंना फोनवर सांगायचं होतं की भाडं गुरुवारी भरते. स्पॅनिशमध्ये 'मी' म्हणायची गरज नसते, क्रियापदाच्या रूपावरूनच कर्ता कळतो, म्हणून ऐटीत म्हटलं, 'पागो एल खुएबेस'. पण 'पागो'मधला शेवटचा ओ मी आपल्या सवयीने चांगला लांबवला. बाईंना ऐकू आलं, 'त्याने गुरुवारी भरलं'. त्यांनी दोन दिवस बँकेचं खातं धुंडाळलं. हा 'तो' कोण, हा प्रश्न त्यांच्याइतकाच माझ्या नवऱ्यालाही पडला.

तेव्हापासून क्लासमध्ये आघात (शब्दात जोर कुठे पडतो ते) या विषयाकडे जरा आदराने बघते आहे. परवा बाईंनी तीस क्रियापदरूपं दिली आणि सांगितलं, सिलॅबल पाडा, आघात कुठे ते दाखवा, तिल्दे (अक्षरावरची तिरकी रेघ) लागते का ते ठरवा. तीसपैकी अकरा चुकली. चुकांमध्ये काहीतरी सूत्र आहे असं वाटतं, पण मला ते पकडता येत नाहीये. इथे कुणी स्पॅनिशवाले आहेत का?

देवनागरीत लिहायचं म्हणून एक सोय करते. सिलॅबल आडव्या रेघेने तोडते. आघात असलेल्या स्वरापुढे ऽ. जिथे स्पॅनिश लिखाणात खरोखर तिल्दे द्यावी लागते तिथे ऽ ऐवजी ´. म्हणजे

पाऽ-गो : मी भरते
पा-गो´ : त्याने भरलं

माझ्या चुकांपैकी काही: 'कान्तो' मी का-न्तो असा तोडला. 'एस्तुदिओ' ए-स्तु-दि-ओ असा. 'कोमिआ' (खात होते) दोनच सिलॅबलचा धरला. 'इसो' (त्याने केलं) वर तिल्दे दिली, बाईंनी लाल शाईने खोडली. आणि 'आब्लो' (मी बोलते) वाचून दाखवताना बाई म्हणाल्या, 'तू मध्ये थांबतेस का?' मी थांबत नाही हो!


खवचट_काका, मंगळवार रात्री ९:५८

भाडं ऑनलाइन भरा. आघाताचा प्रश्नच मिटला.


मात्रावृत्त, मंगळवार रात्री १०:३१

स्पॅनिश येत नाही, पण तुमच्या बाई कुठल्या थांबण्याबद्दल बोलताहेत ते ओळखलं असं वाटतं. हा शब्द मोठ्याने म्हणा: पुण्याला. एकदा 'मी पुण्याला चाललो' असा, आणि एकदा 'त्याच्या पुण्याला तोड नाही' असा. लिहायला दोन्ही तंतोतंत सारखे. पण दुसऱ्यात 'पु'वर जोर येतो, जीभ ण् वर टेकून राहते, जवळजवळ पुण्-ण्याला. पहिल्यात जीभ तशी टेकत नाही, पु-ण्याला. वृत्तात म्हणूनच शहराचा पु लघू आणि सत्कर्माचा पु गुरू.

मराठीत जोडाक्षराआधीच्या अक्षरावर बहुतेक वेळा असा जोर येतोच: पुत्र, चक्र, विद्या. तुझ्या, कुऱ्हाड, दिव्याला हे अपवाद. तुम्ही 'आब्लो' पुत्रासारखं म्हणत असणार, आब्-ब्लो. बाईंना ते अडखळणं ऐकू येतंय.


तिरकी_रेघ, बुधवार सकाळी ७:१५

मात्रावृत्त, चौदा वर्षं स्पॅनिश शिकवते आहे आणि हे उदाहरण मला कधी सुचलं नाही. आज वर्गात वापरणार, तुमच्या परवानगीने. स्पॅनिशमधला ब्ल हा पुणे शहरातल्या ण्यसारखा. पुण्यवानातल्या ण्यसारखा नाही.

चिंचगूळ, तुमच्या चुकांमध्ये सूत्र आहे. एक नाही, दोन आहेत, आणि ती एकमेकींच्या विरुद्ध दिशेने ओढतात. आपली लिपी सगळं जोडाक्षर पुढच्या स्वराच्या पदरात टाकते: कान्तो लिहिलं की डोळ्यांना का आणि न्तो दिसतात. आपली जीभ बरोबर उलटं करते, जोडाक्षरातला पहिला व्यंजन मागच्या अक्षराला चिकटवते. स्पॅनिशला दोन्ही पद्धती हव्यात, पण तिच्या स्वतःच्या वाटणीने.

वाटणी अशी. प, ब, क, ग, फ यांच्यापुढे ल किंवा र आला, किंवा त, द यांच्यापुढे र आला, तर ती जोडी फुटत नाही आणि अख्खी पुढच्या सिलॅबलमध्ये जाते: आऽ-ब्लो, आऽ-ब्रो (उघडतो), एन्-त्राऽर् (आत जाणे). इथे डोळ्यांचं ऐका, जिभेचं नको. बाकी कुठलीही दोन व्यंजनं आली की मधोमध कापा: काऽन्-तो, साऽल्-तो. इथे जिभेचं ऐका, डोळ्यांचं नको.

आणि स ला स्पॅनिश कधीही दुसऱ्या व्यंजनासोबत सिलॅबलच्या तोंडाशी बसू देत नाही. एस्-तुऽ-दिओ. चार व्यंजनांची रांग लागली तरी स मागेच राहतो: कोन्स्-त्रुऽ-यो (बांधतो). शब्दाच्या सुरुवातीला स+व्यंजन आलं तर ती भाषा आधी एक ए बसवते, म्हणून एस्क्वेला, एस्पान्या. माझी आजी इस्टेशन म्हणायची आणि इस्टू पेटवायची, तिला हा नियम कुणी शिकवावा लागला नसता.

दुहेरी र हाही एकच व्यंजन आहे हे लक्षात ठेवा. 'कोर्रेमोस' (आम्ही धावतो) म्हणजे को-र्रेऽ-मोस्. कोर्-रे केलं की मात्रावृत्त यांचं पुण्य पुन्हा मध्ये आलं.

स्वरांचं आणि 'इसो'चं रात्री लिहिते. शाळा आहे.


फक्त_वाचक, बुधवार सकाळी ११:०२

पहिल्यांदाच प्रतिसाद देतोय. आ, ए, ओ असे सुटे स्वर वाचून वाटलं की स्पॅनिशमध्ये ह्रस्व-दीर्घ नसतं. मग ऽ म्हणजे लांबवायचं का? माझी गफलत होतेय.


चिंचगूळ, बुधवार दुपारी १:२०

नाही नाही, ऽ चा अर्थ फक्त 'इथे जोर'. पण तुमची शंका खरी आहे. आपण ऽ वाचला की 'आईऽऽ' अशी हाक मारतो.


तिरकी_रेघ, बुधवार रात्री ९:०५

फक्त_वाचक, प्रश्न छान आहे. स्पॅनिशमध्ये ह्रस्व-दीर्घ असा अर्थ बदलणारा भेद नाही. आघात असलेला स्वर किंचित लांबतो, सूरही सहसा तिथे हलतो, पण ती लांबी आघाताची सावली आहे. मराठी कानाला लांबी आधी ऐकू येते, कारण आपण 'दिन' आणि 'दीन' वेगळे धरायला शिकलोय. त्यामुळे आपल्या मुलांना आघात ऐकू येतो, पण 'दीर्घ' म्हणून ऐकू येतो. मग बोलताना ती स्वर लांबवतात आणि जोर मात्र कुठेच देत नाहीत. चिंचगूळबाईंचा पागो हा त्यातलाच. मराठीत जोर इकडचा तिकडे केल्याने काळ बदलत नाही, तिथे बदलतो. हे नीट पटेपर्यंत तिल्दे ही शोभेची रेघ वाटत राहते.

आता नियम. पुस्तकात तो असा असतो: शब्द स्वराने, न् ने किंवा स् ने संपत असेल तर आघात शेवटून दुसऱ्या सिलॅबलवर. बाकी कुठल्याही व्यंजनाने संपत असेल तर शेवटच्यावर. याला न जुमानणारा प्रत्येक शब्द तिल्दे लावून फिरतो.

मुलं विचारतात, न् आणि स् यांनीच काय पुण्य केलंय? (सॉरी, आज हाच शब्द डोक्यात आहे.) उत्तर क्रियापदात आहे. 'तू'ची रूपं बहुतेक काळांत स् ने संपतात, 'आम्ही'ची मोस् ने, 'ते'ची न् ने. आऽ-ब्लास् (तू बोलतोस), आऽ-ब्लान् (ते बोलतात). एकवचन आऽ-ब्ला, आघात पहिल्यावर. त्याला न् लागला म्हणून आघात हलत नाही. अनेकवचनी नामांचंही तेच, काऽ-सा (घर) आणि काऽ-सास् (घरं). न् आणि स् ना वेगळं धरलं नसतं तर पानावरच्या निम्म्या क्रियापदांवर रेघा ओढत बसावं लागलं असतं. नियम असा बेतलाय की सर्वात जास्त वेळा येणाऱ्या रूपांना रेघ लागू नये. म्हणूनच मी नियम आधी शिकवत नाही. आधी एक क्रियापद पूर्ण चालवून घेते, मग नियम मुलंच शोधून काढतात.

मूळ रूप, म्हणजे आपलं 'बोलणे', नेहमी र् ने संपतं. म्हणून आघात शेवटी आणि रेघ नाही: आ-ब्लाऽर्, को-मेऽर्, बि-बिऽर्. ओ-इ´र् (ऐकणे) आणि रे-इ´र् (हसणे) यांच्यावर रेघ का, ते स्वरांत येईल.


भटकभवानी, बुधवार रात्री ११:४४

ब्युनोस आयरेसहून हजेरी. रेघबाई, तुम्ही स्पेनचं शिकवताय, आमच्याकडे निम्मं वेगळं आहे हेही सांगा की.

इथे 'तू'साठी 'तु' नाही, 'बोस'. आणि बोसची रूपं शेवटी आपटतात: आ-ब्ला´स्, को-मे´स्, तुमच्या आऽ-ब्लास्, कोऽ-मेस् ऐवजी. आज्ञार्थात आणखी मजा. 'मला विकत घेऊन दे' हे स्पेनमध्ये को´म्-प्रा-मे. इथे कोम्-प्राऽ-मे, आणि रेघ नाही, कारण आघात नियमाप्रमाणेच शेवटून दुसऱ्यावर पडला. रोमन लिपीत तीच अक्षरं त्याच क्रमाने, फरक त्या एका रेघेचा. आमच्या ऑफिसात ईमेलमध्ये ती रेघ दिसली की सगळे ओळखतात, पत्र लिहिणारा बाहेरचा आहे.

मी पुण्यात स्पेनवाली स्पॅनिश शिकून आले होते. पहिल्या दिवशी भाजीवाल्याला 'पुएदेस' म्हटलं, तो हसून 'पोदेस' म्हणाला. मला वाटलं माझं व्याकरण चुकलं.


तिरकी_रेघ, गुरुवार सकाळी ६:५०

भवानीताई, तुमचा भाजीवाला या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा माणूस आहे, कारण त्याने न सांगता पूर्ण नियम सांगितला.

'पोदेर' (शकणे) चालवून बघा:

पुएऽ-दो, पुएऽ-देस्, पुएऽ-दे, पो-देऽ-मोस्, पो-दे´इस्, पुएऽ-देन्

पुस्तकं याला 'अनियमित' म्हणतात आणि मुलं घोकतात. यात अनियमित काहीच नाही. आघात धातूवर आहे तिथे 'पो'चा 'पुए' झाला. 'आम्ही' आणि 'तुम्ही'मध्ये आघात प्रत्ययावर सरकला, तिथे 'पो' जसाच्या तसा राहिला. लॅटिनमधल्या ह्रस्व ओ आणि ए वर आघात आला की स्पॅनिशमध्ये ते फुटतात, ओचा उए, एचा इए. क्रियापदाबाहेरही हेच दिसतं: पुएऽर्-ता (दार) पण पोर्-तेऽ-रो (दरवान), सिएऽ-ते (सात) पण से-तेऽन्-ता (सत्तर).

आता बोसचं रूप पो-दे´स्. हे जुन्या पो-दे´इस् मधला इ गळून झालेलं. आघात शेवटी, मग धातू कसा फुटेल? म्हणजे 'पुए' की 'पो' हे पाठ करायचं नसतं, आघात कुठे आहे ते ऐकायचं असतं.


नाशिककर_ग्वादालाहारा, गुरुवार सकाळी ८:३०

मेक्सिकोत आहे, आयटी. इथे 'तु'च चालतं, सुटलो. पण एक शंका आहे. आमच्या सोसायटीचा वॉचमन 'बा´-या-मोस्' म्हणतो (आपण जाऊ या, जावं अशा अर्थाचं). माझ्या पुस्तकात बा-याऽ-मोस् आहे. दोन्ही चालतं का?


तिरकी_रेघ, गुरुवार दुपारी २:१०

परीक्षेत नाही चालत. पण वॉचमनचं कान लावून ऐका. इच्छार्थाच्या सगळ्या रूपांत आघात पहिल्यावर असतो (बाऽ-या, बाऽ-यास्, बाऽ-यान्), फक्त 'आम्ही' आणि स्पेनमधल्या 'तुम्ही'त पुढे सरकतो. बोलीने तो परत एका रांगेत आणला. प्रमाणभाषेनेही दुसरीकडे हेच केलंय: भूतकाळात कान्-ताऽ-बा (गात होतो), आणि 'आम्ही'तही कान्-ता´-बा-मोस्, आघात त्याच 'ता'वर. फक्त त्यामुळे तो शेवटून तिसऱ्यावर गेला आणि रेघ अनिवार्य झाली. शेवटून तिसऱ्यावर आघात असलेला शब्द म्हणजे एस्द्रुखुला, त्यावर रेघ असतेच, कधीच सुटत नाही. हा शब्द स्वतःच एस्द्रुखुला आहे, हे मला दरवर्षी नव्याने आवडतं.


चिंचगूळ, गुरुवार संध्याकाळी ६:१५

वहीत उतरवून घेते आहे सगळं. पण 'इसो' राहिला! तिथे मी अगदी विचार करून रेघ दिली होती. आ-ब्लो´ (तो बोलला), को-मिओ´ (तो जेवला), मग इ-सो´ (त्याने केलं) का नाही?


तिरकी_रेघ, गुरुवार रात्री ९:३०

कारण भूतकाळाची दोन घराणी आहेत. एका घराण्यात आघात प्रत्ययावर: आ-ब्ले´ (मी बोललो), आ-ब्लो´. दुसऱ्या घराण्यातली क्रियापदं लॅटिनमधूनच आघात धातूवर घेऊन आली: इऽ-सो (केलं), दिऽ-खो (म्हणाला), पुऽ-सो (ठेवलं), बिऽ-नो (आला), तुऽ-बो (होतं). ही अगदी रोजची, तोंडात घासून गुळगुळीत झालेली क्रियापदं आहेत. आघात शेवटून दुसऱ्यावर, शेवट स्वर, रेघेचं कारणच नाही. तुमची चूक वर्गातले निम्मे लोक करतात, आणि करणाऱ्याला पहिलं घराणं नीट समजलेलं असतं. मी अशा चुकीला अर्धा मार्क देते.

काळ फक्त आघाताने वेगळे होतात त्याची आणखी दोन उदाहरणं देते, ही चुकली तर निरोपाचा अर्थच फिरतो.

आऽ-ब्ले (कृपया बोला) / आ-ब्ले´ (मी बोललो)
आ-ब्लाऽ-रा (बोलला असता तर) / आ-ब्ला-रा´ (तो बोलेल)

आणि मुलांना सर्वात आवडणारं त्रिकूट: ते´र्-मि-नो (शेवट, किंवा संज्ञा), तेर्-मिऽ-नो (मी संपवतो), तेर्-मि-नो´ (त्याने संपवलं).


आंबोलीचा_पाऊस, शुक्रवार सकाळी १०:२०

गोव्यातून. आजोबा पोर्तुगीज काळात शिकलेले, घरात त्यांच्या वह्या आहेत, म्हणून या धाग्यात डोकावलो. भविष्यकाळात आघात शेवटीच का पडतो याचं उत्तर त्या वह्यांत सापडतं. पोर्तुगीजमध्ये, निदान लिखाणात, 'मी तुझ्याशी बोलेन' हे अजून तीन तुकड्यांत लिहिता येतं: फालार-ते-एइ. मूळ क्रियापद, मध्ये 'तुला', शेवटी 'आहे'. म्हणजे भविष्यकाळ हा मुळात 'बोलणे + मला आहे' असा. आपलं 'मला बोलायचं आहे' तसंच की.


तिरकी_रेघ, शुक्रवार दुपारी १:००

अगदी. स्पॅनिशमध्ये सांधा मिटून गेला, पण आघाताने तो दाखवून ठेवलाय: आ-ब्ला-रे´ हे आब्लार + ए, त्यातला ए म्हणजे 'माझ्याकडे आहे'. आ-ब्ला-रा´स्, आ-ब्ला-रा´, आ-ब्ला-रा´न्, सगळीकडे आघात त्या चिकटलेल्या सहायक क्रियापदावर. एकट्या आ-ब्ला-रेऽ-मोस् वर रेघ नाही, कारण तो मोस् मुळे आपोआप शेवटून दुसरा झाला. मुलं तिथेही रेघ ओढतात, हात बसलेला असतो.

तुमच्या वह्यांत 'कोमिआ'वर रेघ आहे का बघा. नसेल. पोर्तुगीजला ती लागत नाही, स्पॅनिशला लागते.


आंबोलीचा_पाऊस, शुक्रवार दुपारी १:४०

नाहीये! आणि 'मारिआ'वरही नाही. स्पॅनिश मारिआवर असते ना?


तिरकी_रेघ, शुक्रवार रात्री १०:१५

असते. आणि इथून स्वरांचं प्रकरण सुरू होतं, जे मी तीन दिवस टाळतेय.

आ, ए, ओ हे दांडगे. इ, उ हे मवाळ. दोन दांडगे शेजारी आले की एका घरात राहत नाहीत: ले-एऽ-मोस् (वाचतो), क्रेऽ-एस् (तुला वाटतं), बेऽ-ओ (पाहतो). दांडगा आणि मवाळ आले की मवाळ मुकाट दांडग्याच्या घरात शिरतो: काऽम्-बिओ (बदलतो), दोनच सिलॅबल. पण मवाळावरच आघात आला की तो वेगळं बिऱ्हाड करतो, आणि तेव्हा त्याच्या डोक्यावर रेघ द्यावीच लागते, वरचा न्-स् चा नियम काहीही म्हणो: को-मि´-आ, तीन. ओ-इ´र्, रे-इ´र् वरची रेघ याचसाठी. मध्ये मुका 'ह' असला तरी फरक पडत नाही: प्रो-इ´-बो (मी मनाई करतो).

पोर्तुगीज 'इआ'ला मुळात दोनच समजते, म्हणून तिला सांगावं लागत नाही. स्पॅनिश मुळात एक समजते, म्हणून दोन असतील तिथे हात वर करावा लागतो. घरची रीत वेगळी, एवढंच.

दोन्ही मवाळ आले (इउ, उइ) तर लिखाणात ते कायम एकत्र धरतात. म्हणून ले-इ´-दो (वाचलेलं) वर रेघ आणि कोन्स्-त्रुइऽ-दो (बांधलेलं) वर नाही. हे वृत्तपत्रांतसुद्धा चुकलेलं पाहिलंय.

खरा खड्डा पुढे आहे. आर च्या आधी इ असलेली क्रियापदं. काम्-बिआऽर् चं काऽम्-बिओ होतं, पण एन्-बिआऽर् (पाठवणे) चं एन्-बि´-ओ. एकात इ मवाळ राहतो, दुसऱ्यात बिऱ्हाड मोडतो. मूळ रूपाकडे बघून सांगता येत नाही. काही पुस्तकं म्हणतात जवळचं नाम किंवा विशेषण बघा: 'फ्रिओ' (थंड) मध्ये इ वर आघात म्हणून एन्-फ्रि´-ओ (थंड करतो). चार शब्दांना लागू पडतं आणि पाचव्याला तोंडावर पाडतं. आऽम्-प्लिओ म्हणजे प्रशस्त, पण आम्-प्लि´-ओ म्हणजे मी विस्तार करतो. पाठ करा, दुसरा उपाय नाही.

उआर वाल्यांना मात्र नियम आहे. आधी ग किंवा क असेल तर मोडत नाही: आ-बे-रिऽ-गुओ (शोध घेतो). नसेल तर मोडतो: कोन्-ति-नु´-ओ, आक्-तु´-ओ. क वाल्यांपैकी काहींना, उदाहरणार्थ एबाकुआर (रिकामं करणे), अकादमीने आता दोन्ही तऱ्हा मान्य केल्यात.


खवचट_काका, शुक्रवार रात्री १०:४०

अकादमी म्हणजे त्यांचं शुद्धलेखन महामंडळ? तिथेही लोक दर काही वर्षांनी भांडतात का?


तिरकी_रेघ, शनिवार सकाळी ९:००

काका, १७१३ पासून. आणि भांडणं आपल्यासारखीच रंगतात.

१९५२ च्या नव्या नियमांनी 'फुए' (होता/गेला), 'फुइ', 'दिओ' (दिलं), 'बिओ' (पाहिलं) यांच्यावरच्या रेघा काढल्या. एकच सिलॅबल, आघात जाणार कुठे? १९५९ पासून ते सक्तीचं झालं. त्याआधी शिकलेली पिढी मरेपर्यंत रेघा देत राहिली. १९९९ मध्ये 'मला द्या' या 'देमे'वरची रेघ गेली. सुटं 'दे' (द्यावं) मात्र आजही रेघ ठेवतं, कारण रेघ नसलेलं 'दे' म्हणजे 'चा, ची, चे'. २०१० मध्ये तर 'रिओ' (तो हसला) लिखाणात एका सिलॅबलचा ठरवून त्याची रेघ काढली. माद्रिदमधले बरेच जण तो स्पष्ट दोन सिलॅबलमध्ये म्हणतात, तरी. मी हसतो मात्र रि´-ओ, रेघेसकट, नदीसारखाच.

तो शेवटचा बदल मला अजून पटलेला नाही. बोलणाऱ्याच्या तोंडात दोन आणि कागदावर एक, हे स्पॅनिशच्या स्वभावात बसत नाही. पण फळ्यावर मी नियमाप्रमाणेच लिहिते.


नाशिककर_ग्वादालाहारा, शनिवार सकाळी ९:२५

शेपट्या लागतात त्याचं काय? परवा बॉस एका दमात म्हणाला 'दिसिएन्दोमेलो'. मला वाटलं गावाचं नाव आहे.


भटकभवानी, शनिवार दुपारी ३:३०

'मला ते सांगत (असताना)'. क्रियापद + मला + ते, सगळं एकाला एक जोडून. गंमत ही की कितीही शेपट्या लावा, आघात जागचा हलत नाही. दि-सिएऽन्-दो ला मे आणि लो लावले की दि-सिए´न्-दो-मे-लो. आघात त्याच 'सिएन्'वर, पण आता तो शेवटून चौथा. म्हणून रेघ. दाऽ-मे (मला दे) ला रेघ नाही, दा´-मे-लो (मला ते दे) ला आहे. शेवटून मोजत बसू नका, आधी शेपट्या सोलून टाका, खाली जे क्रियापद उरेल त्याचा आघात बघा, मग शेपट्या परत लावा आणि रेघ लागते का ते ठरवा. मी अशीच शिकले.


मात्रावृत्त, शनिवार रात्री ८:१०

म्हणजे आपल्या विभक्तीप्रत्ययांसारखंच झालं. घर, घराला, घरापासूनचा. शेपूट वाढलं तरी घर जागेवर.

एक विचारतो. यांच्या कवितेत मात्रा मोजतात की सिलॅबल?


तिरकी_रेघ, शनिवार रात्री १०:००

सिलॅबल. आणि ओळीच्या शेवटच्या आघातावरून एक वाढवतात किंवा कमी करतात: ओळ आघाती सिलॅबलवर संपली तर एक जास्त धरायचं, एस्द्रुखुलावर संपली तर एक कमी. तुमच्यासाठी वेगळा धागा काढते. इथे चिंचगूळबाईंचा गृहपाठ राहील.


चिंचगूळ, रविवार सकाळी ११:५०

गृहपाठ! अकरा चुका पुन्हा सोडवल्या, त्यातल्या सहा इथे देते. तपासा.

काऽन्-तो
एस्-तुऽ-दिओ
को-मि´-आ
इऽ-सो
प्रे-बेऽस् (तुला आधीच दिसतं)
सेन्-ते´-मो-नोस् (बसू या)


तिरकी_रेघ, रविवार दुपारी १२:३०

पाच बरोबर, आणि शेवटचा तर कठीण होता ('सेन्तेमोस' ला 'नोस' लागताना मधला स गळतो, तो तुम्ही बरोबर गाळलात). पाचवा चुकला. 'बेस' (तुला दिसतं) एका सिलॅबलचा, म्हणून त्याला रेघ नाही. पण 'प्रे' लागला की दोन झाले, शेवट स्, आघात शेवटच्यावर. मग?


चिंचगूळ, रविवार दुपारी १२:४१

प्रे-बे´स्. अरेच्चा. मी 'बेस'ला नाही म्हणून यालाही नाही, असं धरलं.

बाकी, या महिन्याचं भाडं काल भरलं. घरमालकीणबाईंना फोन केला आणि जोर अगदी नेमका देऊन म्हटलं, 'पा-गे´' (मी भरलं). त्या म्हणाल्या, 'या लो बि', बघितलं मी. फोन ठेवल्यावर पहिला विचार हा आला की 'बि'वर रेघ नाही.


खवचट_काका, रविवार दुपारी १२:५५

ऑनलाइन भरलं ना शेवटी?


चिंचगूळ, रविवार दुपारी १:०३

हो.